छताचे वय २२, दुखणी दोन

पत्र: आमचे घर २२ वर्षांचे आहे. वर सपाट स्लॅब, मागच्या बाजूला १२ वर्षांपूर्वी घातलेली पत्र्याची शेड. पावसाळ्यात बेडरूमच्या छताला भिंतीलगत ओल येते. स्वयंपाकघराच्या छताच्या खपल्या पडून एक सळई दिसू लागली आहे. गेल्या सहा वर्षांत दोनदा वॉटरप्रूफिंगचा कोट मारून घेतला, दोन्ही वेळा दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा गळती. आता एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, जुन्या कोब्यावर नवा कोबा घालू. दुसरा म्हणतो, स्लॅबचे आयुष्य संपले, घर पाडून नवे बांधा. छत मुळात टिकते किती वर्षे? आमच्या छताची किती उरली?

उत्तर: पाडायची घाई नको, आणि नवा कोबा तर अजिबात नको. तुम्हाला एकच गळती वाटते आहे, पण ही दोन वेगळी दुखणी दिसतात. बेडरूमची ओल बहुधा वरच्या सांध्यातून येते. स्वयंपाकघरातली सळई ही स्लॅबच्या पोटातली गोष्ट आहे. दोन्हींवर एकच औषध, तेही फक्त वरून, मारले गेले. म्हणून दोन्ही राहिली.

आधी आयुष्याचा प्रश्न. छत थराथरांचे असते आणि प्रत्येक थराची मुदत निराळी. आर.सी.सी. स्लॅब डिझाइन करताना साधारण ५० वर्षे धरतात, आणि कोरडा राहिला तर तो त्यापुढेही जातो. त्यावरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट घातलेला असेल तर १५-२० वर्षे काढतो. डांबरी मेंब्रेन १० ते १५, पॉलियुरेथेनचा कोट ७ ते १०, ॲक्रिलिकचा ३ ते ५. भाजलेली कौले ५० वर्षे सहज जातात, शंभरीही गाठतात. पण त्यांच्याखालच्या रिपा आणि वासे ओलीने आणि वाळवीने त्याच्या कितीतरी आधी बसतात. जस्ताच्या पत्र्याला १५ ते २५ वर्षे धरा, मात्र त्याच्या स्क्रूखालचा रबरी वॉशर दहाएक वर्षांत कडक होऊन तडकतो. छत गेले असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा यातला सगळ्यात अल्पायुषी थर गेलेला असतो आणि तो वेळेवर बदललेला नसतो.

तुमचा स्लॅब २२ वर्षांचा आहे. वयावरून त्याला म्हातारा ठरवता येत नाही. तो कशाने मरतो ते कळले की किती उरले आहे याचा अंदाज बांधता येतो.

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो. इतक्या अल्कलीत सळईवर ऑक्साइडचा अतिपातळ थर तयार होतो आणि तोच तिला गंजापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत राहतो, तिथल्या चुन्याशी त्याची क्रिया होते आणि पीएच ९ च्या खाली उतरतो. पीएच उतरलेल्या भागाची ही सीमा सळईपर्यंत पोहोचली की सळईचे कवच जाते, आणि मग ओल व ऑक्सिजन मिळाले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, तो फुगतो आणि खालचे काँक्रीट ढकलून देतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या खपल्या याच आहेत. ही सीमा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकते. म्हणजे सळईखाली १० मिमीऐवजी २० मिमी कव्हर (सळई झाकणारे काँक्रीट) असते, तर तिथे पोहोचायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागला असता. स्लॅब ओतताना सळईखालचा कव्हर ब्लॉक घसरला किंवा कुणी त्यावर पाय दिला, की तेवढ्याच जागी २० वर्षांत सळई दिसते आणि शेजारची शाबूत राहते. एक सळई दिसली म्हणून सगळा स्लॅब संपला, असा निष्कर्ष त्यामुळेच काढता येत नाही. (समुद्राजवळच्या घरात किंवा खारट वाळूने बांधलेल्या घरात हिशेब वेगळा. तिथे क्षार थेट सळईवर हल्ला करतात आणि काँक्रीट वरून ठणठणीत दिसत असतानाही आत खड्डे पडतात.)

आता तपासणी. लहान हातोडी घ्या आणि स्वयंपाकघराचे छत फुटाफुटावर हलके ठोकत जा. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत थर सुटलेला. बद्द जागेभोवती खडूने रेघ ओढा. डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि जे आपसूक सुटते आहे ते आधी काठीने पाडून टाका. ते चुलीवर किंवा माणसावर पडण्याची वाट पाहू नका. मग उघड्या सळईचा गंज तारेच्या ब्रशने काढून तिचा व्यास कॅलिपरने मोजा. ८ मिमीची सळई ७ मिमी भरली तर वरवर पाहता एकच मिलिमीटर गेला, पण क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी घटले. इथपासून पुढे जोडसळई घालावी लागते. फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडले की निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बन मुरलेला भाग तसाच राहतो; बिनरंगाची पट्टी किती मिमी खोल गेली आहे ते पट्टीने मोजता येते. शेवटी, छताच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दोरी ताणा. गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २५०व्या भागाहून जास्त झोळ दिसला, म्हणजे ४ मीटरला १६ मिमीहून जास्त, तर पुढचे काहीही करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. बद्द भाग खोलीच्या पाव हिश्श्याहून मोठा असेल तरीही तेच.

तसे नसेल, तुरळक ठिगळे असतील, तर दुरुस्ती होते, आणि योग्य दुरुस्तीनंतर आणखी २५-३० वर्षांची अपेक्षा ठेवणे फाजील ठरणार नाही.

पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरचे पाणी थांबवायचे, मग स्लॅब वाळू द्यायचा, मग खालून दुरुस्ती. उलट केले तर नव्या मॉर्टरमागे ओल कोंडते.

वर जाऊ. गच्चीवर पाण्याची नळी सोडा आणि पाणी कुठे साचते ते पाहा. डबक्यांच्या कडा खडूने आखा. ढाळ निदान १०० ला १ हवा, म्हणजे ३ मीटरला ३ सेंटिमीटर. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही डबके राहत असेल तर तिथला कोणताही कोट त्याच्या मुदतीच्या निम्म्यातच जातो. ॲक्रिलिक तर साचलेल्या पाण्यात मऊ पडून फुगते. तुमच्या दोन्ही कोटांचे तेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. डबकी ॲक्रिलिक किंवा एसबीआर (रबरी लेटेक्स) पॉलिमर मिसळलेल्या १:३ च्या सिमेंट-वाळू मॉर्टरने भरून ढाळ पाइपाकडे करून घ्या. कडेला त्या मॉर्टरची जाडी शून्यावर आणू नका, तिथून ते पापुद्र्यासारखे उठते. कडेला ८-१० मिमीची खाच कापून मॉर्टर तिच्यात संपवा.

पाइपाकडेही पाहा. ताशी १०० मिमी पाऊस पडला तर १०० मिमी व्यासाचा उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेतो. तुमच्या गच्चीला एकच पाइप असेल आणि क्षेत्र ८० चौरस मीटर असेल तर मोठ्या पावसात गच्चीचा हौद होणारच. तोंडावरची जाळी सपाट नको, घुमटासारखी हवी. सपाट जाळीवर चार पाने बसली की पाणी थांबते. शिवाय कठड्याला गच्चीच्या तळापासून ५० मिमी वर एक मोकळे भोक ठेवा, म्हणजे मुख्य पाइप तुंबला तर पाणी बाहेर पडताना तुम्हाला दिसेल. पाइपाच्या तोंडाभोवतीचा हातभर भाग बाकी गच्चीपेक्षा १० मिमी खाली असावा. आणि कोट तोंडापाशी येऊन थांबता कामा नये, पाइपाच्या आत ५ सेंटिमीटर तरी उतरलेला हवा.

आता तुमची बेडरूमची ओल. काँक्रीटचा स्लॅब उन्हात वाढतो आणि रात्री आकसतो. १० मीटर लांबीच्या स्लॅबला उन्हाळा-हिवाळ्याच्या ४० अंशांच्या फरकात ४ ते ५ मिमीची हालचाल असते, आणि कठडा तिच्याबरोबर तितका हलत नाही. म्हणून कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात भेग पडते. ती भेग केसासारखी असेल, पण पाऊस भिंतीवरून ओघळत थेट तिच्यातच शिरतो. तुमची ओल भिंतीलगतच येते, यावरून आम्हाला हाच संशय आहे. खात्री सोपी आहे: कोरड्या दिवसांत त्या भिंतीवरच्या सांध्यापुढे मातीचा किंवा मॉर्टरचा बुटका बांध घालून दोन-अडीच सेंटिमीटर पाणी साठवा, ४८ तास ठेवा आणि खाली पाहा. सगळी गच्ची एकदम भरू नका. गंजक्या सळईचा स्लॅब खाली आहे. आणि ओल उन्हाळ्यातही येत असेल तर पावसाला दोष देण्याआधी त्या भिंतीतला नळ आणि वरच्या टाकीचे जोड तपासा. हिवाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि ओल फक्त पहाटे दिसते, ती बहुधा खोलीतलीच वाफ गार छतावर जमलेली असते. तिला वॉटरप्रूफिंग लागत नाही, खिडकी लागते.

सांधा दुरुस्त करायचा तो असा. कठड्याच्या पायथ्याचा गिलावा ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत उकरा. सांध्यात २० बाय २० मिमीची खाच करा, धूळ ब्रशने झाडा, ओलसर करून पॉलिमर मॉर्टरने ठासून भरा. त्यावर ५० बाय ५० मिमीचा गोल वाटा (कोपरा बुजवणारी मॉर्टरची गोलाई) फिरवा. काटकोनात कोट बसत नाही: तो कोपऱ्यात ताणला जाऊन पातळ होतो आणि पहिल्या हालचालीत तिथेच चिरतो, वाट्याचा उपयोग हाच. वाटा सात दिवस ओला ठेवा, मग वाळू द्या. कोट गच्चीवरून वाट्यावर आणि तिथून कठड्यावर किमान १५ सेंटिमीटर चढायला हवा, त्यात फायबरग्लासची जाळी पूर्ण भिजलेली हवी. कठड्याच्या माथ्याकडे दुर्लक्ष करू नका. तिथल्या भेगेतून शिरलेले पाणी कठड्याच्या पोटातून उतरते आणि तुम्ही नुकत्याच केलेल्या सुंदर कोटाच्या मागून बेडरूममध्ये येते. माथ्याला आतल्या बाजूला उतार द्या.

बाकी गच्चीच्या कोटाबद्दल. जुना कोट कुठे सुटला आहे? चाकूने फुलीसारखी चीर देऊन तिच्यावर पॅकिंगची टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर आला तर तो कोट खरवडूनच काढायचा. सुटत्या सालीवर नवी साल टिकत नाही. गच्ची कोरडी आहे का, हे बघायला दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून रात्रभर ठेवा, १६ तास तरी. सकाळी आतून थेंब जमले किंवा काँक्रीट गडद दिसले तर थांबा. हे न करता कोट मारला की उन्हात आतली वाफ फोड काढते.

भेगा बुजवताना एक गोष्ट बऱ्याचदा चुकते. हलत्या भेगेवर कोट थेट चिकटवला तर शून्य रुंदीची भेग अर्धा मिलिमीटर उघडताना कोटाला तेवढ्याच जागी ताणावे लागते, आणि कितीही लवचीक कोट असो, तो तुटतो. भेगेत १० मिमीची खाच करून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, त्यावर २०-२५ मिमीची चिकट टेप लावा आणि मग जाळीसह कोट फिरवा. टेपवर कोट चिकटत नाही, त्यामुळे ताण २५ मिमीवर वाटला जातो.

जाडीचा हिशेब स्वतः करा, मजुरावर सोडू नका. एक चौरस मीटरवर एक लिटर पसरले की ओली जाडी बरोबर १ मिमी होते. डब्यातला घन भाग निम्मा असेल तर वाळल्यावर अर्धा मिमी उरतो. गच्चीला वाळलेला थर १ मिमी हवा, म्हणजे चौरस मीटरमागे दोन लिटर. ५० चौरस मीटरच्या गच्चीला २० लिटरचे पाच डबे रिकामे झालेले तुम्हाला दिसले पाहिजेत. तीनच दिसले तर कोट पातळ आहे, किंवा पाणी घालून वाढवला आहे. प्राइमर पातळ करतात, कोट करत नाहीत. पहिला हात उभा, तो ओला असतानाच जाळी, वाळल्यावर दुसरा हात आडवा. सकाळी लवकर सुरू करा. तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच धरते आणि आतला भाग ओलाच राहतो. रंग पांढरा घ्या. गडद गच्ची उन्हात ६५-७० अंशांवर जाते, पांढरी त्यापेक्षा पुष्कळच गार राहते, म्हणजे वर सांगितलेली हालचालही कमी.

आणि नवा कोबा का नको? १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरमागे २०० किलोच्या घरात जाते. वावराच्या गच्चीवर माणसे आणि सामान मिळून डिझाइनमध्ये बहुधा १५० किलो धरलेले असतात. म्हणजे दुसरा कोबा स्लॅबची सगळी राखीव ताकद खाऊन वर उधारी करतो, तेही सळई गंजलेली असताना. शिवाय दोन कोब्यांमध्ये पाणी शिरले की ते आडवे फिरते. शिरते एका कोपऱ्यात आणि गळते पाच मीटरवर, मग मूळ शोधणे अशक्य होते. जुना कोबा ठोकून बद्द वाजत असेल तर तो हलक्या हाताने काढून मगच नवा ढाळ करा. ब्रेकर मशीन नको, धक्क्याने स्लॅब तडकतो.

वरचे काम झाल्यावर एक पाऊस जाऊ द्या आणि खाली काही उतरत नाही हे पाहा. मग स्वयंपाकघर. काम चालू असताना छताखाली टेकू हवेत. बद्द भागाच्या कडा ग्राइंडरने १० मिमी खोल, काटकोनात कापा. काँक्रीट सळईच्या मागे २० मिमी जाईपर्यंत फोडा. सळई पुढून स्वच्छ आणि मागून गंजकी ठेवली तर गंज तिथून पुढे चालूच राहतो. सळईच्या लांबीवर गंज संपला त्याच्याही पुढे ५० मिमी उघडा. तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्ट, लोखंड चकचकीत होईपर्यंत, आणि त्याच दिवशी जस्तयुक्त प्राइमर. काँक्रीटवर बाँड कोट (जुन्या काँक्रीटला नवे मॉर्टर चिकटवणारा थर), तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर १०-१२ मिमीच्या थरांत, प्रत्येक थर आधीच्याने पकड घेतल्यावर. छतावर पाणी मारून क्युरिंग नीट होत नाही, त्यामुळे ओले गोणपाट फळीने टेकवा किंवा क्युरिंग कंपाउंड फवारा.

इथे एक फसगत आहे. फक्त दिसणारा गंजका तुकडा दुरुस्त केला की त्याच्या शेजारचा, आधी शांत असलेला भाग दोन-तीन वर्षांत गंजू लागतो. कारण आतापर्यंत गंजणारा तुकडा स्वतःचा बळी देऊन शेजाऱ्याला वाचवत होता. तो अल्कली मॉर्टरमध्ये सुरक्षित झाला आणि पाळी शेजाऱ्यावर आली. म्हणून हातोडीने आखलेली रेघ आणि फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी या दोन्हींच्या पलीकडे हद्द न्या. दुरुस्तीनंतर सगळ्या छताला कार्बनरोधक रंग द्या. पीओपीचे फॉल्स सीलिंग लावून झाकू मात्र नका, पुढचा बद्द आवाज ऐकूच येणार नाही. वाफ बाहेर टाकणारा पंखा लावा. ५० ते ७० टक्के आर्द्रतेत कार्बन सर्वांत वेगाने मुरतो, आणि स्वयंपाकघर दिवसातला बराच वेळ तिथेच असते.

पत्र्याच्या शेडला १२ वर्षे झाली, म्हणजे पत्रे ठीक असतील, वॉशर संपले असतील. सहा मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकात साडेतीन मिमी लांबतो-आखडतो आणि रोज स्क्रूचे भोक थोडे थोडे रुंदावतो. सगळे स्क्रू काढून ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारे रबर) वॉशरचे, आधीपेक्षा एक माप जाड स्क्रू बसवा. वॉशर किंचित बाहेर फुगेल इतकेच आवळा. जास्त आवळला की तो चिरडतो. पत्रा उतरवून कापायची वेळ आली तर कात्रीने कापा. ग्राइंडरच्या ठिणग्या जस्त जाळतात आणि उडालेला लोखंडी कीस आठवडाभरात तांबूस डाग धरतो. ओला सिमेंट मॉर्टर जस्ताला खातो, त्यामुळे भिंतीलगतची फट सिमेंटने बुजवण्याऐवजी पत्र्याची वाकवलेली पट्टी भिंतीच्या खाचेत घाला. तांब्याच्या नळीतून गळणारे पाणी पत्र्यावर पडू देऊ नका. ऑइल पेंट नव्या जस्तावर थेट मारला तर साबणासारखा सुटतो, आधी एच प्राइमर (जस्तावर पकड धरणारा, इंग्रजीत etch) हवा. शेड जुन्या सिमेंटच्या पत्र्यांची असेल तर गोष्ट वेगळी: त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याला घासू, कापू किंवा जोराच्या पाण्याने धुऊ नका.

पुढच्या वर्षांसाठी देखभालीला दोन दिवस पुरतात, एक पावसाआधी आणि एक पावसानंतर. पाइपांची तोंडे, कठड्याचे सांधे, टाकीचा ओव्हरफ्लो, सुटलेला कोट. एक हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती गाळ्याच्या मध्यावर नको, भिंतीवर किंवा बीमवर टेकलेल्या आधारावर ठेवा. कुंड्या ५ सेंटिमीटर उंच स्टँडवर, म्हणजे खालचा भाग वाळतो. भेगेत पिंपळाचे रोप दिसले तर उपटू नका, मूळ आतच राहून पुन्हा फुटते. देठ कापा आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा, मेल्यावर भेग भरा. सोलरचे किंवा कपडे वाळवायचे खांब कोट भेदून बोल्टने बसवू नका. वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करा आणि ठोकळ्याखाली रबरी चटई घाला.

कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन घेताना नुसते "वॉटरप्रूफिंग, अमुक चौरस फूट" असे घेऊ नका. सांध्याची खाच, वाट्याचे माप, जाळी, किती लिटरचे किती डबे, आणि काम झाल्यावर ४८ तासांची पाणी साठवून (बांध घालून, भागाभागाने) चाचणी, हे सगळे त्यात लिहून घ्या. चाचणीआधी पूर्ण पैसे देऊ नका.